साखर वार ओलांडते, इन्सुलिन ओलांडत नाही

बाळ जन्माला येतं. वजन चार किलोंच्या वर, गाल गुबगुबीत. सगळे खूश. तास-दोन तासांनी नर्स बाळाच्या टाचेला बारीक टोचून रक्ताचा थेंब घेते, यंत्रावरचा आकडा बघते आणि म्हणते, "बाळाची शुगर कमी आलीय, लगेच पाजायला घ्या. थोड्या वेळाने पुन्हा तपासू." आई गोंधळून जाते. इतके महिने माझी शुगर जास्त म्हणून सगळे मागे लागले होते, मग बाळाची कमी कशी?

फार नेमका प्रश्न आहे हा. याचं उत्तर एकदा नीट कळलं की गरोदरपणातल्या मधुमेहाबद्दल फारसं काही पाठ करावं लागत नाही. अमुक आठवड्यातच तपासणी का, गोळ्यांऐवजी सुई का, बाळंतपणाची तारीख आधीपासून का ठरवतात, हे सगळं त्या एका उत्तरातून उलगडत जातं. म्हणून सुरुवात तिथूनच करू या.

वारेच्या दोन बाजू

आईचं रक्त आणि पोटातल्या बाळाचं रक्त एकमेकांत मिसळत नाही. दोघांच्या मधे वार असते. बाळाला जे लागतं ते आईच्या रक्तातून वारेपलीकडे जातं आणि नाळेवाटे बाळापर्यंत पोचतं. ग्लुकोज, म्हणजे रक्तातली साखर, हा छोटा रेणू. तो सहज पार होतो, आणि आईच्या रक्तात जितका जास्त असेल तितका जास्त पलीकडे जातो. इन्सुलिनचा रेणू त्या मानाने बराच मोठा. तो अलीकडेच राहतो. म्हणजे आईची वाढलेली साखर बाळापर्यंत पोचते, पण ती साखर आवरणारं आईचं इन्सुलिन पोचत नाही. मग ती आवरायची कुणी? बाळानेच.

तिसरा महिना संपेपर्यंत बाळाच्या इवल्याशा स्वादुपिंडात इन्सुलिन तयार व्हायला सुरुवात झालेली असते. पुढच्या महिन्यांत साखर सतत जास्त येत राहिली की हे स्वादुपिंड जास्त इन्सुलिन बनवायला शिकतं. पोटातल्या बाळाच्या बाबतीत इन्सुलिनचं काम साखर कमी करण्यापुरतं नसतं, ते बाळाला वाढवतंही. आलेली जादा साखर चरबी होऊन साठते, आणि ती मुख्यतः खांद्यांवर, छातीवर, पोटावर साठते. यकृत मोठं होतं, हृदयाची भिंत जाड होते. मेंदू मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. त्यामुळे डोकं नेहमीच्या मापाचं आणि धड भरलेलं, असं हे बाळ दिसतं. आईची साखर जास्त, म्हणून बाळाची साखर जास्त, म्हणून बाळाचं इन्सुलिन जास्त, ही साखळी कोपनहेगनच्या योर्गेन पेडरसन या डॉक्टरांनी १९५०च्या दशकात मांडली. पुढच्या संशोधनाने तिच्यात भर घातली, पण तिचा गाभा आजही तोच आहे.

आता त्या टाचेच्या थेंबाकडे परत जाऊ. नाळ कापली त्या क्षणी बाळाला आईकडून येणारी साखर थांबली. पण बाळाच्या रक्तातलं इन्सुलिन थांबलेलं नाही. स्वादुपिंडाला अजून ठाऊकच नाही की पुरवठा बंद झालाय. ते सवयीने काम करत राहतं आणि बाळाची साखर झपाट्याने खाली येते. म्हणून आईची जास्त आणि बाळाची कमी. बाळाला मधुमेह झालेला नसतो. उलट, त्याचं स्वादुपिंड गरजेपेक्षा जास्त तत्पर झालेलं असतं, आणि बहुतेक बाळांत ते एक-दोन दिवसांत ताळ्यावर येतं.

पहिले आठ आठवडे आणि नंतरचे

"गरोदरपणातला मधुमेह" असं आपण एका दमात म्हणतो, पण त्यात दोन अगदी वेगळ्या परिस्थिती असतात. एकीला दिवस राहायच्या आधीपासूनच मधुमेह असतो, टाइप १ किंवा टाइप २. दुसरीला तो गरोदरपणातच होतो, साधारण पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर. दोघींची काळजी वेगळी, कारण बाळाच्या घडणीचं वेळापत्रक ठरलेलं आहे.

बाळाचे सगळे महत्त्वाचे अवयव पहिल्या आठ आठवड्यांत आकाराला येतात. ज्या नळीपासून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू बनतो, ती गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत बंद व्हायला हवी. हृदयाचे कप्पेही याच सुमारास घडतात. हे दिवस मोजून बघा: २८ दिवस म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे. अनेकींना तेव्हा नुकतं कळलेलं असतं, काहींना कळलेलंही नसतं. पहिल्यांदा डॉक्टरांकडे जाईपर्यंत घडायचं ते घडून गेलेलं असतं.

या दिवसांत आईची साखर खूप जास्त असेल तर या घडणीतच दोष राहू शकतो, विशेषतः हृदयात आणि मज्जारज्जूत. गर्भपाताचा धोकाही वाढतो. कुठल्याही गरोदरपणात १०० बाळांपैकी साधारण २ ते ३ बाळांना मोठा जन्मजात दोष असतोच. आईची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, जसजशी वर असते तसतसा हा आकडा चढत जातो. एचबीएवनसी १० टक्क्यांच्या पुढे असेल तर तो कितीतरी पट होतो. आणि ती काबूत असेल तर जवळजवळ इतर सगळ्यांइतकाच राहतो. म्हणून आधीपासून मधुमेह असलेल्या बाईसाठी मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी भेट म्हणजे दिवस राहायच्या आधीची. हीच भेट सगळ्यात जास्त वेळा राहून जाते.

त्या भेटीत बरंच काही होतं. एचबीएवनसी शक्यतो ६.५च्या खाली आणायचा प्रयत्न असतो. १०च्या वर असेल तर ती उतरेपर्यंत गर्भनिरोधक वापरा, असंच डॉक्टर सांगतात. फॉलिक अॅसिडची गोळी गर्भ राहायच्या आधीपासून सुरू करतात, आणि मधुमेह असलेल्यांना ती बऱ्याचदा नेहमीपेक्षा जास्त ताकदीची देतात. ब्लड प्रेशरच्या आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत, त्या बदलाव्या लागतात. डोळ्यांचा पडदा आणि किडनी तपासतात, कारण पडद्यावर आधीच बारीक रक्तस्रावाच्या खुणा असतील तर गरोदरपणात त्या वाढू शकतात. मधुमेहाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करणं मात्र फार धोक्याचं. दिवस राहिल्याचं कळल्यावर घाबरून सगळी औषधं टाकून देणाऱ्या बायका असतात. तसं करू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

गरोदरपणातच सुरू झालेल्या मधुमेहात हे जन्मदोषांचं भय सहसा नसतं. साखर वाढायला लागते तोवर बाळाचं हृदय, पाठीचा कणा घडून झालेला असतो. सातव्या महिन्यात निदान झालेली कितीतरी जणी रात्र रात्र जागून काढते, "बाळात काही व्यंग तर नसेल ना?" तिला हे वेळाचं गणित कुणीतरी सांगायला हवं. एकच अपवाद: काही वेळा जुना, लक्षातच न आलेला टाइप २ मधुमेह गरोदरपणात पहिल्यांदा सापडतो. पहिल्याच तपासणीत उपाशीपोटीची साखर दर डेसिलिटरला १२६ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त, किंवा एचबीएवनसी ६.५ किंवा त्याहून जास्त आली, तर तो आधीपासूनचा मधुमेह धरतात.

साखर वाढते कशाने

"गोड खाल्लंस म्हणून झालं." हे वाक्य गरोदर बाईला नवरा, सासू, शेजारीण, कधीकधी डॉक्टरसुद्धा ऐकवतात. ते चुकीचं आहे, आणि ज्या वेळी ते ऐकवलं जातं त्या वेळी क्रूरही आहे.

खरं काम वारेचं आहे. वार ही नुसती गाळणी नाही, ती संप्रेरकं बनवणारी एक ग्रंथीच असते. तिची काही संप्रेरकं आईच्या शरीरावर इन्सुलिनचा प्रभाव कमी करतात. हे बिघाड म्हणून होत नाही, त्यामागे हेतू आहे. आईच्या स्नायूंनी साखर पटकन ओढून घेतली तर बाळाला काय उरणार? म्हणून शरीर आईला चरबीवर भागवायला लावतं आणि साखर बाळासाठी राखून ठेवतं. वार जशी मोठी होते तसा हा प्रभाव वाढतो, आणि शेवटच्या महिन्यांत आईच्या पेशी इन्सुलिनला आधीच्या निम्म्यानेच दाद देतात. बहुतेकींचं स्वादुपिंड दुपटीहून अधिक इन्सुलिन बनवून हे भरून काढतं. ज्यांचं ते एवढं ताणत नाही, त्यांची साखर वाढते. ते ताणेल की नाही हे आनुवंशिकता, वय, आधीचं वजन, पीसीओएससारखा (बीजकोषांत बारीक गाठी आणि अनियमित पाळी) त्रास अशा बऱ्याच गोष्टींवर अवलंबून असतं. यातलं काहीही नसताना, सडपातळ असताना, घरात कुणाला मधुमेह नसतानाही तो होतो. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१च्या अंदाजानुसार जगात जन्मणाऱ्या दर सहा बाळांपैकी एकाच्या आईची साखर गरोदरपणात वाढलेली होती. इतक्या साऱ्या बायका चुकल्या, असं म्हणणं कुठल्याही हिशेबात बसत नाही.

वारेची ही गोष्ट लक्षात ठेवली की तपासणी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान का, तेही कळतं. त्याआधी वारेचा प्रभाव पुरेसा दिसत नाही. त्यानंतर उपचाराला वेळ कमी उरतो. जोखीम जास्त असेल तर अर्थात सुरुवातीलाच तपासतात आणि पहिला निकाल चांगला आला तरी २४ आठवड्यांनंतर पुन्हा तपासतात.

तपासणी म्हणजे ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घालून प्यायचं. आधी उपाशीपोटी रक्त, मग तासाने, मग दोन तासांनी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३मध्ये स्वीकारलेल्या निकषांत उपाशीपोटी ९२, तासाने १८० आणि दोन तासांनी १५३ मिलिग्रॅम ही सीमा आहे. तिन्हीपैकी एकही आकडा तिथे पोचला किंवा पुढे गेला की निदान होतं. काही ठिकाणी आधी ५० ग्रॅमची चाळणी आणि गरज पडली तर १०० ग्रॅमची मोठी चाचणी करतात, तिचे आकडे वेगळे. त्यामुळे एकीला "मधुमेह आहे" आणि तेवढ्याच साखरेच्या दुसरीला "नाही" असं सांगितलं जाऊ शकतं. हे ऐकून लोकांचा विश्वास डळमळतो. पण त्यामागचं कारण प्रामाणिक आहे. २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या हापो नावाच्या मोठ्या अभ्यासात नऊ देशांतल्या सुमारे २५,००० गरोदर स्त्रियांची साखर आणि त्यांच्या बाळांची अवस्था ताडून पाहिली. त्यात असं दिसलं की धोका कुठल्याही एका आकड्याला अचानक सुरू होत नाही. साखर जितकी वर, तितकं बाळाचं वजन, तितकं बाळाचं इन्सुलिन, हळूहळू, चढणीसारखं. चढणीवर रेघ कुठे मारायची हे माणसांना ठरवावं लागतं, आणि ती सगळ्यांनी एकाच जागी मारलेली नाही. म्हणून आकडा रेघेच्या दोन-चारने अलीकडे आला तर "सुटले" म्हणून निर्धास्त होऊ नका, आणि पलीकडे गेला तर आभाळ कोसळलं असंही समजू नका.

लक्षणांची वाट बघण्यात तर काहीच अर्थ नाही. तहान, वारंवार लघवीला जाणं, थकवा हे सगळं गरोदरपणात तसंही असतंच. बहुतेकींना काहीही जाणवत नाही.

उपचाराने खरंच फरक पडतो का

पडतो, आणि हे तपासून पाहिलेलं आहे. मुख्यतः ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २००५मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सौम्य मधुमेह असलेल्या १००० स्त्रिया होत्या. निम्म्यांना आहाराचा सल्ला, घरी साखर तपासणं आणि लागेल तेव्हा इन्सुलिन. निम्म्यांना नेहमीची गरोदरपणातली देखभाल. बाळाचा मृत्यू, खांदा अडकणं, हाड मोडणं, हाताची नस दुखावणं अशा गंभीर गोष्टी दुसऱ्या गटात सुमारे ४ टक्के बाळांत झाल्या, उपचार मिळालेल्या गटात १ टक्का.

बऱ्याच जणींची साखर आहार आणि चालण्यानेच आटोक्यात येते. आहार म्हणजे उपाशी राहणं नव्हे. पिष्टमय पदार्थ कमी-जास्त प्रमाणात साखर वाढवतात, म्हणून ते एका वेळी भरपूर खाण्याऐवजी दिवसभरात विभागून, प्रथिनं आणि भाज्यांच्या सोबतीने खायचे. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं की स्नायू साखर वापरतात, आणि त्यासाठी त्यांना इन्सुलिनची फार मनधरणी करावी लागत नाही. आकड्याच्या भीतीने जेवणच टाळणाऱ्या मुली असतात. तसं केलं तर शरीरात कीटोन, म्हणजे चरबी जाळताना तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ, वाढतात, बाळाचं पोषणही कमी पडतं. दोन जिवांच्या बाईला पोटभर जेवता यायलाच हवं. ते जमत नसेल आणि तरी साखर वर जात असेल तर औषध घ्यायची वेळ आली, इतकाच त्याचा अर्थ.

घरी ग्लुकोमीटरवर साधारणपणे उपाशीपोटी ९५च्या खाली, जेवल्यावर तासाने १४०च्या खाली किंवा दोन तासांनी १२०च्या खाली असं लक्ष्य असतं. तुमच्या डॉक्टरांनी वेगळे आकडे दिले असतील तर ते तुमच्यासाठी. एखाद्या दिवशी एखादा आकडा चुकला म्हणून बाळाचं काही बिघडत नाही. बघायचं असतं ते आठवड्याचं चित्र.

इन्सुलिनचं नाव काढलं की चेहरे उतरतात. "म्हणजे आजार वाढला का?" "आता जन्मभर टोचावं लागणार का?" आणि सगळ्यात जास्त, "बाळाला बाधणार नाही ना?" या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर वरच आलं आहे. इन्सुलिन वार ओलांडत नाही. आईच्या बाजूला राहून ते आईची साखर कमी करतं, म्हणजे पलीकडे जाणारी साखर कमी होते. गरोदरपणासाठी पहिली पसंती इन्सुलिनला मिळते ती याचमुळे. मेटफॉर्मिनची गोळी वारेतून पलीकडे जाते. तरीही ती बऱ्याच ठिकाणी वापरली जाते, आणि अनेकींना ती पुरतेही, पण निर्णय डॉक्टरांशी बोलून घ्यायचा. दर आठवड्याला इन्सुलिनचं प्रमाण वाढवावं लागलं तर त्यात हार मानण्यासारखं काही नाही. वार वाढतेय, म्हणून गरज वाढतेय. शेवटच्या महिन्यांत काही कारण नसताना इन्सुलिनची गरज एकदम घसरली तर मात्र त्याच दिवशी कळवावं. वारेचं काम मंदावल्याची ती खूण असू शकते.

टाइप १ असलेल्यांसाठी दोन गोष्टी वेगळ्या. पहिल्या तीन महिन्यांत साखर अचानक खाली जाण्याचे प्रसंग वाढतात, त्यातच उलट्या, म्हणून घरातल्या माणसांना काय करायचं ते माहीत हवं. आणि गरोदरपणात कीटोन वाढून होणारी विषबाधा साखर फार चढलेली नसतानाही होऊ शकते. उलट्या थांबत नसतील तर आकडा बरा आहे म्हणून घरी थांबू नये. दंडावर लावायचा सतत साखर मोजणारा सेन्सर टाइप १ असलेल्या गरोदर स्त्रियांना उपयोगी ठरतो, असं २०१७च्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात दिसलं. त्यांची मोठ्या वजनाची आणि अतिदक्षता विभागात ठेवावी लागलेली बाळं कमी होती.

आईच्या बाबतीत आणखी एक मोठा धोका ब्लड प्रेशरचा. डोकं सतत दुखणं, डोळ्यांपुढे काजवे, बरगड्यांखाली दुखणं, चेहऱ्यावर अचानक सूज, यांतलं काहीही झालं तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट बघू नये. आधीपासून मधुमेह असलेल्यांना हा धोका कमी करायला १२ आठवड्यांपासून अॅस्पिरिनची छोटी गोळी देतात.

बाळंतपण: लवकर की उशिरा

शेवटच्या महिन्यांत डॉक्टर एका दोरीवरून चालत असतात. साखर जास्त राहिलेल्या गरोदरपणात शेवटच्या आठवड्यांत बाळ पोटातच दगावण्याचा धोका थोडा वाढतो, म्हणून फार थांबायचं नाही. पण फार घाईही करायची नाही, कारण बाळाच्या फुप्फुसांच्या आत एक साबणासारखा थर तयार व्हावा लागतो, जो श्वासागणिक फुप्फुसं चिकटू देत नाही. बाळाच्या रक्तातलं जादा इन्सुलिन हा थर तयार होण्याच्या आड येतं. त्यामुळे या बाळांची फुप्फुसं आठवड्यांच्या मानाने जरा उशिरा तयार होतात. या दोन्हींच्या मधे तारीख शोधायची. आधीपासूनचा मधुमेह असेल तर बरेचदा ३७ ते ३९ आठवड्यांच्या दरम्यान. गरोदरपणातला आणि आहारावर आटोक्यात असलेला असेल तर ४० आठवडे पूर्ण होईपर्यंतही थांबतात. वेळेआधी बाळंतपण होण्याची शक्यता असेल तर फुप्फुसांसाठी स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात, आणि त्यांनी आईची साखर काही दिवस चांगलीच चढते. हे आधी सांगितलेलं नसलं तर आई बिचारी स्वतःलाच दोष देत बसते.

खांद्याचं काय होतं ते मघाशी सांगितलेल्या चरबीशी जोडून बघा. साधारणपणे बाळाचं डोकं हा सगळ्यात रुंद भाग. तो बाहेर आला की बाकीचं सहज येतं. या बाळांत खांदे रुंद झालेले असतात. डोकं बाहेर येतं आणि खांदा आईच्या जांघेवरच्या हाडामागे अडकतो. ती काही मिनिटांची आणीबाणी असते. प्रशिक्षित माणसं आईचे पाय पोटाकडे दुमडून, ओटीपोटावर योग्य जागी दाब देऊन खांदा मोकळा करतात. काही बाळांच्या हाताच्या नसा ताणल्या जातात. त्यातल्या बहुतेकांचा हात काही महिन्यांत पूर्ववत होतो. मधुमेह आहे एवढ्याच कारणाने सिझेरियन करायची गरज नसते. अंदाजे वजन साडेचार किलोंच्या घरात जायला लागलं की त्याबद्दल बोलणं होतं, आणि सोनोग्राफीतलं वजन हा अंदाजच असतो, दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे सहज.

सगळीच बाळं मोठी होतात असंही नाही. आईचा मधुमेह जुना असेल, रक्तवाहिन्या आणि किडनीवर परिणाम झालेला असेल, तर वारेला रक्त कमी पोचतं आणि बाळ लहान राहतं. त्याची काळजी मोठ्या बाळाइतकीच, किंबहुना जास्त घ्यावी लागते.

कळा सुरू असताना आईची साखर तासातासाला बघतात आणि साधारण ७० ते १२५च्या दरम्यान ठेवतात. याचं कारण आता तुम्हीच सांगू शकाल: शेवटच्या काही तासांत चढलेली साखर बाळाच्या स्वादुपिंडाला आणखी डिवचते, आणि नाळ कापल्यावरची घसरण आणखी खोल होते. वार बाहेर पडली की आईची इन्सुलिनची गरज लगेच ढासळते. गरोदरपणातच झालेला मधुमेह असेल तर सुई बहुधा त्याच दिवशी बंद होते. आधीपासून इन्सुलिन घेणाऱ्यांचं प्रमाण मात्र त्याच वेळी कमी करावं लागतं, नाहीतर त्यांची साखर धोकादायक खाली जाते.

पहिला दिवस

जन्मल्यावर बाळाला आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं आणि शक्यतो अर्ध्या तासात, फार तर तासाभरात अंगावर घ्यायचं. मग दर दोन-तीन तासांनी. थंडी वाजली की बाळ साखर जाळतं, म्हणून ऊब महत्त्वाची. टाचेतून साखर पहिला दिवसभर तपासत राहतात. साधारण ४५च्या खाली गेली की आधी पाजतात, गालाच्या आतून ग्लुकोजची जेल चोळतात, आणि तरी वर आली नाही तर शिरेतून ग्लुकोज देतात. बाळ थरथरतंय, फार सुस्त आहे, चोखत नाही, निळसर दिसतंय, असं वाटलं तर वेळ न घालवता सांगायचं. बऱ्याच बाळांत मात्र काहीच दिसत नाही, म्हणून तर टोचून बघावं लागतं. त्या टाचेवरच्या टोचण्या बघून आयांचा जीव कळवळतो, ते साहजिक आहे. पण नवजात बाळाचा मेंदू साखरेवर चालतो, आणि फार वेळ फार खाली राहिलेली साखर त्या मेंदूला परवडत नाही.

ज्यांची प्रकृती ठीक आहे अशा आयांनी ३६व्या आठवड्यापासून डॉक्टरांना विचारून चीक थोडा थोडा हाताने काढून साठवला, तर तो या पहिल्या तासांत उपयोगी पडतो.

श्वासाचा त्रास, कावीळ, रक्त दाट होणं, कॅल्शियम कमी होणं, याही गोष्टी या बाळांत जास्त दिसतात. त्यांवर डॉक्टरांचं लक्ष असतं आणि बहुतेक काही दिवसांत निवळतात. हृदयाची जाड झालेली भिंतही, ती इन्सुलिनमुळे जाड झालेली असेल तर, काही महिन्यांत पातळ होते. जास्तीचं इन्सुलिन गेलं की कारणच उरत नाही.

घरी गेल्यावर

इथे बहुतेकांची गोष्ट संपते आणि माझ्या मते हीच सगळ्यात मोठी चूक आहे. सुई बंद झाली, साखर उतरली, सगळे बाळामागे लागले. पण वारेने नऊ महिन्यांत एक चाचणी घेतली होती, आणि आईचं स्वादुपिंड ताणाखाली कुठे कमी पडतं हे त्या चाचणीत दिसलेलं आहे. गरोदरपणात मधुमेह झालेल्या स्त्रियांना पुढे टाइप २ मधुमेह होण्याची शक्यता इतरांपेक्षा सात पट किंवा त्याहून जास्त असते. म्हणून बाळंतपणानंतर ६ ते १२ आठवड्यांत ग्लुकोज पिऊन तीच चाचणी पुन्हा करायची असते. अर्ध्या झोपेत, दर दोन तासांनी पाजणाऱ्या बाईला दोन तास प्रयोगशाळेत बसणं सोपं नाही. तेव्हा बाळ घेऊन सोबत जाणारं कुणीतरी लागतं. नवऱ्याने ती तारीख आपल्या फोनमध्ये टाकून ठेवावी. निकाल चांगला आला तरी दर एक ते तीन वर्षांनी साखर बघत राहायची. अंगावर पाजल्याने आईचा पुढचा धोका काहीसा कमी होतो असं दिसतं.

बाळाच्या बाजूनेही याला पुढचा भाग आहे. अमेरिकेतल्या अॅरिझोनामधल्या पिमा समाजात, जिथे टाइप २ मधुमेहाचं प्रमाण फार मोठं आहे, सख्ख्या भावंडांची तुलना केली गेली. आईला मधुमेह होण्याआधी जन्मलेली मुलं आणि नंतर जन्मलेली मुलं, आईवडील तेच, घर तेच. नंतर जन्मलेल्यांना मधुमेह आणि लठ्ठपणा जास्त होता. म्हणजे आनुवंशिकता वगळूनही पोटातल्या साखरेची काही आठवण शरीरात राहते. अशा मुलाला लहानपणापासून धावायला-खेळायला मोकळीक आणि वजनावर नजर, एवढं तर घरातच करता येतं.

आणि दुसऱ्या बाळाचा विचार सुरू झाला, की पाळी चुकायची वाट न बघता आधी एकदा साखर तपासून घ्यायची. मधल्या वर्षांत टाइप २ कधी सुरू झाला ते कळलेलंही नसतं, आणि मग यावेळी प्रश्न सहाव्या महिन्याचा राहत नाही, त्या पहिल्या २८ दिवसांचा होतो. दवाखान्यात गेल्यावर, कुणी विचारायच्या आधीच, हे एक वाक्य सांगायचं: "मागच्या वेळी मला गरोदरपणात शुगर होती."